घरात पिल्लू आणताय? आधी जुन्या मांजराच्या नाकाला विचारा

आमची मनी नऊ वर्षांची असताना आम्ही ठिपक्याला घरी आणलं. ओंजळीत मावेल एवढं पिल्लू. मी कॅरिअर थेट हॉलमध्ये, मनीच्या नेहमीच्या जागेपासून दोन हातांवर ठेवला, त्याचं दार उघडलं आणि मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. मनी आली, नाक पुढे केलं, तिचं शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखं फुललं, एकदाच जोरात फिस्कारली आणि कपाटावर जाऊन बसली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली. तो व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे.

मोबाइलवर दिसणारे व्हिडिओ वेगळे असतात. पिल्लू येतं, मोठं मांजर त्याला हुंगतं, चाटतं, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर झोपतात. असं कधीकधी घडतंही. पण बहुतेक घरांत पहिले काही दिवस गुरगुर, फिस्कारे आणि लिटर बॉक्सच्या बाहेर केलेली शू यांतच जातात. मग घरातले वैतागून म्हणतात, "आमची मांजर दुष्ट आहे." ती दुष्ट नसते. आपण तिच्याशी ओळखीचा कार्यक्रम माणसाच्या पद्धतीने करतो, म्हणजे आधी तोंड दाखवतो. मांजराच्या जगात तोंड सगळ्यात शेवटी येतं.

घर म्हणजे वासांचा नकाशा

पाळीव मांजराचा मूळ वंश आफ्रिकन रानमांजराचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने जगभरातल्या पाळीव मांजरांचा धागा पश्चिम आशियातल्या या रानमांजरांपर्यंत नेऊन जोडला. सायप्रसमध्ये सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजरही सापडलं आहे. म्हणजे सोबत जुनी आहे, पण स्वभाव फारसा बदललेला नाही. रानमांजर एकट्याने शिकार करतं, कारण उंदीर एकाच्याच पोटापुरता असतो, तो वाटून खाण्यात अर्थ नाही. कुत्र्याचे पूर्वज कळपात राहिले, म्हणून भांडण झालं तरी पुन्हा जुळवून घ्यायच्या खाणाखुणा कुत्र्याकडे भरपूर आहेत. मांजराचा पहिला उपाय वेगळा: समोरासमोर यायचंच नाही.

मग दोन मांजरं एका घरात राहूच शकत नाहीत का? राहतात. जिथे खायला मुबलक मिळतं तिथे भटकी मांजरंही टोळीने राहतात. पण त्या टोळीचा गाभा बहुधा माय-लेकी आणि बहिणींचा असतो, आणि उपऱ्याला त्यात सहजासहजी शिरता येत नाही.

उपरा ओळखायचा कशावरून? वासावरून. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांच्या गाद्यांत गंधग्रंथी असतात. मांजर सोफ्याच्या कोपऱ्याला गाल घासतं तेव्हा ते लाडात आलेलं असेलही, पण त्याच वेळी ते तिथे सही करत असतं. या सहीतल्या रसायनांना फेरोमोन म्हणतात. फेरोमोन म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांनी एकमेकांसाठी ठेवलेली वासाची चिठ्ठी. ती वाचायला मांजराच्या टाळूच्या वर एक खास इंद्रिय असतं. मांजर काहीतरी हुंगून अर्धवट तोंड उघडं ठेवून, वरचा ओठ मुडपून, एकदम विचारात पडल्यासारखं दिसतं, तेव्हा ते ही चिठ्ठी वाचत असतं.

एका घरातली, एकमेकांशी पटणारी मांजरं अंगाला अंग घासून एक सामाईक वास तयार करतात. ज्याला तो वास आहे तो आपला, बाकी सगळे परके. म्हणूनच एकत्र वाढलेल्या दोन मांजरांपैकी एक पशुवैद्याकडून परत आलं, की दुसरं कधीकधी त्याच्यावर फिस्कारतं. चेहरा तोच असतो, पण अंगाला औषधाचा वास असतो, आणि मांजर नाकावर विश्वास ठेवतं.

आता मनीच्या जागी स्वतःला ठेवा. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तुमच्या अक्षरात तुमचं नाव लिहिलेलं आहे. सकाळी उठून बघता तर निम्म्या वस्तूंवर दुसऱ्याच कुणाचं अक्षर. मी तर त्याहून मोठा गाढवपणा केला होता. पिल्लू येणार म्हणून आदल्या दिवशी अख्खं घर सुवासिक क्लीनरने पुसून काढलं. हॉलच्या दाराच्या चौकटीवर मनीने नऊ वर्षं गाल घासून तयार केलेला तेलकट काळपट डाग होता, तोही घासून साफ केला. म्हणजे तिच्या सह्या मी आधी पुसल्या आणि मग परक्याला आत घेतलं.

"पण ते तर इवलंसं पिल्लू आहे!"

हा युक्तिवाद निम्मा बरोबर आहे. मोठ्या मांजराला दुसऱ्या मोठ्या मांजरापेक्षा पिल्लू कमी धोक्याचं वाटतं, त्यामुळे पिल्लाची ओळख तुलनेने सोपी जाते. पण पिल्लू बघितलं की कुठल्याही मांजराला मायेचं भरतं येतं, हा आपला समज आहे. परक्याचं पिल्लू मोठ्या मांजराच्या लेखी आधी परकं असतं, पिल्लू नंतर.

शिवाय पिल्लाला अजून रीतभात कळत नाही. हलणारं शेपूट दिसलं की झडप, झोपलेल्याच्या पाठीवर उडी. मोठ्याने कान मागे केले, अंग आखडलं, म्हणजे "पुरे" असं म्हणायचं आहे, हे त्याच्या गावीही नसतं. कुठे थांबायचं, किती जोरात चावायचं, हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. म्हणून निदान आठ आठवडे, आणि जमल्यास बारा, त्याला त्यांच्यासोबत राहू द्यावं. फार लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू घरी आणलं, की ती शिकवणी जुन्या मांजराच्या गळ्यात पडते, आणि त्याने ती मागितलेली नसते.

बंद दार ही शिक्षा नव्हे

पहिले दिवस पिल्लाने एका वेगळ्या खोलीत काढायचे. त्याचं पहिलं कारण वैद्यकीय आहे, आणि ते टाळता येण्यासारखं नाही. पिल्लू वरून खेळकर दिसत असलं तरी आत आजार वाढत असू शकतो. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य, जीवघेणा आजार लागण झाल्यावर काही दिवसांनी लक्षणं दाखवतो. सर्दीचे विषाणू, कानातले किडे, पिसवा, जंत आणि गजकर्णासारखी बुरशी पिल्लासोबत घरात शिरू शकतात. म्हणून घरी आणल्या-आणल्या पशुवैद्याला दाखवा, मांजरांमधल्या ल्युकेमियाच्या विषाणूची तपासणी कधी करायची ते विचारा, जुन्या मांजराचं लसीकरण चुकलेलं नाही ना तेही बघा. पिल्लू कुठून आलं, कुणात राहिलं याची खात्री नसेल तर साधारण दोन आठवडे वेगळं ठेवणं शहाणपणाचं.

दुसरं कारण पिल्लाच्याच भल्याचं. अख्खं घर एकदम अंगावर आलं की ते पलंगाखाली दडी मारतं. एका खोलीची सवय लवकर होते. तिथे लिटर बॉक्स एका कोपऱ्यात, खाणंपाणी दुसऱ्या कोपऱ्यात, नख्या घासायला काहीतरी आणि लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं, एवढं पुरे. जास्तीची खोली नसेल तर बाथरूमही चालतं, फक्त पिल्लाजवळ दिवसातून बऱ्याचदा जाऊन बसावं लागतं.

पण कोंडायचं पिल्लाला, जुन्या मांजराला नाही. त्याची खोली, त्याची खिडकी, त्याच्या जेवणाची वेळ आणि रात्री तुमच्या पायाशी झोपायची जागा तशीच राहू द्या. नवं पिल्लू आलं की सगळं लक्ष तिकडे जातं, आणि मोठं मांजर नेमकं त्याच आठवड्यात दुर्लक्षित होतं.

कापडाची ने-आण

आता वासाची ओळख. एक मऊ कापड घ्या, पिल्लाच्या गालांवरून आणि कपाळावरून हलकेच फिरवा आणि ते जुन्या मांजराच्या वावरायच्या जागेत, जमिनीवर, जरा बाजूला ठेवा. अंथरुणात नको, अन्नाच्या ताटलीखाली नको, आणि उत्साहाच्या भरात त्याच्या अंगाला तर मुळीच चोळू नका. त्याला त्या कापडाला वळसा घालून जाता आलं पाहिजे. तसंच दुसरं कापड जुन्या मांजराच्या गालावरून फिरवून पिल्लाच्या खोलीत ठेवा.

मग बघत बसा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत गमतीचा भाग. मनी पहिल्या दिवशी कापडापाशी आली, हुंगलं, फिस्कारली. कापडावर! दुसऱ्या दिवशी हुंगून निघून गेली. चौथ्या दिवशी बघतो तर बाई त्या कापडाच्या कडेवर हनुवटी टेकवून पहुडलेल्या. हीच खूण हवी असते: हुंगून कंटाळणं. कुतूहल संपलं, भीती उरली नाही, आता पुढची पायरी.

ती म्हणजे खोल्यांची अदलाबदल. दिवसातून थोडा वेळ पिल्लाला घरात फिरू द्या आणि जुन्या मांजराला पिल्लाच्या खोलीत सोडा, पण गाठ न घालता. दोघंही एकमेकांच्या सह्या निवांत वाचतात, आणि शेजारी स्वतःच्या करतात.

दाराच्या दोन बाजूंना पंगत

जेवणाची घंटा वाजली की कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, हा पावलोव्हचा प्रयोग आपण शाळेत वाचलेला असतो. घंटेत काही विशेष नसतं, घंटेमागून अन्न येतं म्हणून ती आवडायला लागते. इथे घंटेच्या जागी पिल्लाचा वास आणि आवाज आहे. बंद दाराच्या एका बाजूला जुन्या मांजराची ताटली, दुसऱ्या बाजूला पिल्लाची. सुरुवातीला दारापासून चांगली लांब, जिथे दोघंही बिनघोर खातील एवढी. मग रोज वीतभर पुढे. एखादं मांजर खाता खाता थांबून दाराकडे टक लावून बघायला लागलं, तर घाई झाली. ताटली मागे घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

दाराला चिकटून दोघंही शांतपणे खायला लागली, की मग दार दोन बोटं उघडायचं. दार पुढे ढकललं जाऊ नये म्हणून खालून पाचर लावा, किंवा चौकटीत जाळीचं फाटक बसवून त्यावर चादर टाका आणि ती रोज थोडी वर सरकवा.

पहिली नजरभेट

खरी गाठ घालायच्या आधी पिल्लाला दोरीच्या खेळण्यामागे पळवून पळवून दमवा. मोठ्याच्या अंगावर झेप घ्यायची ताकदच उरली नाही तर निम्मी भांडणं टळतात. पाच मिनिटं पुरेत. दोघांना खाऊ द्या, आणि सगळं सुरळीत चाललेलं असतानाच आवरतं घ्या. आपल्याला मोह होतो तो "छान चाललंय, अजून थोडा वेळ बघू" असा, आणि बिघडतं ते त्या थोड्या वेळात.

पिल्लाला हातात धरून मोठ्याच्या तोंडासमोर नेऊ नका. पिल्लाला पळता येत नाही, मोठ्याला अंतर राखता येत नाही, आणि मधे तुमचा हात असतो. ओरखडा कुणाला बसणार हे सांगायला नको.

फिस्कारलं, म्हणजे फसलं का?

नाही. फिस्कारणं हल्ला टाळण्यासाठी असतं. "तिथेच थांब" हे मांजराच्या भाषेत असंच म्हणतात, आणि पिल्लू थांबलं तर विषय तिथेच संपतो. फिस्कारल्याबद्दल जुन्या मांजराला रागावलात, त्याच्यावर पाण्याचा फवारा मारलात, तर त्याच्या डोक्यात एकच हिशेब पक्का होतो: हे पिल्लू आलं की माझ्यावर संकट येतं. पावलोव्हची घंटा उलटी वाजते. शिवाय बोलायची बंदी झालेलं मांजर पुढच्या वेळी न बोलता थेट पंजा मारू शकतं.

चिंता करायची ती वेगळ्या गोष्टींची. पापणी न हलवता रोखून बघणं. अंग जमिनीलगत नेऊन दबक्या पावलांनी पिल्लामागे जाणं. कान डोक्याला चपटे करून खोल घशातून सतत गुरकावणं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट: शांतता. मांजर बोळात मधोमध आरामात पसरलेलं दिसतं, आपल्याला वाटतं किती निवांत आहे. प्रत्यक्षात लिटर बॉक्सकडे जाणारा तो एकमेव रस्ता असतो, आणि दुसरं मांजर तासभर पलीकडे ताटकळत असतं. ही दादागिरी बिनआवाजाची असते आणि घरातल्यांच्या लक्षात यायला महिने लागतात.

खेळ आणि भांडण यांतला फरकही आवाजात सापडतो. खेळ बहुतेक मुका असतो. नख्या आत असतात, पाठलाग करणारा आणि पळणारा यांच्या भूमिका बदलत राहतात, मधेच दोघंही थांबून अंग चाटायला लागतात. किंकाळ्या, उडणारे केस, आणि दर वेळी एकच पळतोय, दुसराच पाठीमागे, तर तो खेळ नव्हे.

"लढू द्या की, आपोआप ठरेल कोण मोठं"

हा सल्ला हमखास मिळतो. मला तो साफ चुकीचा वाटतो. चढत्या-उतरत्या मानाची अशी ठाम उतरंड मांजरांत नसते की एकदा कुस्ती झाली आणि निकाल लागला. एका भांडणातून दोघांना कळतं ते एवढंच, की समोरचा खरंच धोकादायक आहे. मग आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते आणि पुन्हा बंद दारापासून सुरुवात करावी लागते.

भांडण जुंपलंच तर मधे हात घालू नका. चवताळलेलं मांजर समोर जे येईल त्याला चावतं, आणि मांजराचा चावा खोल जाऊन चिघळतो. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा किंवा उशी मधे सरकवा, एकाला वेगळ्या खोलीत जाऊ द्या, आणि तो शांत होईपर्यंत समजूत काढायला उचलून घेऊ नका.

तीन लिटर बॉक्स कशाला?

जितकी मांजरं तितके लिटर बॉक्स आणि वर एक, असा पशुवैद्यांचा आडाखा आहे. दोघांसाठी तीन. ऐकून कपाळाला हात लागतो, पण बोळातलं ते मांजर आठवा. तिन्ही बॉक्स एका रांगेत मांडले तर मांजराच्या हिशेबी ती एकच जागा. ते वेगवेगळ्या जागी हवेत, म्हणजे एक रस्ता अडला तरी दुसरा मोकळा. पाणी, खाणं, झोपायच्या जागा यांनाही हाच न्याय. पिल्लाचा बॉक्स बुटक्या कडांचा असावा.

जेवण मात्र वेगळंच द्या. पिल्लाचं खाद्य जास्त उष्मांकाचं असतं, ते खाऊन मोठं मांजर सुटतं. जुन्याला मूत्रपिंडासाठी पथ्याचं अन्न चालू असेल तर दोघांच्या ताटल्या एकत्र ठेवणं दोघांनाही बाधेल.

जुनं मांजर म्हातारं असेल तर

इथे हात आखडता घ्यावा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यांतल्या ९० जणांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसली. मांजर दुखणं लपवतं. ते "हल्ली शांत झालंय" असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचे सांधे दुखत असतात. अशा मांजराच्या पाठीवर दिवसातून दहा वेळा कुणी उडी मारली तर ते चिडणारच. पिल्लू आणायच्या आधीच त्याची तपासणी करून घ्या. त्याला पिल्लू पोहोचणार नाही अशी एक जागा द्या, आणि ती उंचावर असेल तर चढायला मधे पायरी ठेवा. मांजर आजारी असेल, किंवा आयुष्यभर एकटंच राहून दुसरं मांजर दिसलं की सैरभैर होत असेल, तर आणूच नये, असं मी स्पष्ट म्हणेन. "त्याला सोबत होईल" यातली सोबत पुष्कळदा आपल्यालाच हवी असते.

दोन पिल्लं एकदम आणावीत का? विचित्र वाटेल, पण म्हाताऱ्या मांजराच्या घरात हे कधीकधी सोपं जातं, कारण पिल्लं एकमेकांना दमवतात. जागा आणि खर्च झेपणार असेल तरच.

किती दिवस लागतील?

काही जोड्या दोन-तीन आठवड्यांत रुळतात, काहींना महिने लागतात. वेग सगळ्यात घाबरलेल्या मांजराचा धरायचा. भिंतीतल्या प्लगला लावायचे फेरोमोनचे डिफ्युझर मिळतात, काही मांजरांना त्यांचा उपयोग होतो, पण बंद दाराची आणि कापडाची जागा ते घेऊ शकत नाहीत. पिल्लाची नसबंदी वेळेवर करा. मादी चार महिन्यांतही माजावर येऊ शकते, आणि वयात येणारा बोका घरभर फवारे मारायला लागला की जुळलेलं पुन्हा विस्कटतं. तसं तर मांजराला खरी समज दोन ते चार वर्षांच्या दरम्यान येते, त्या वेळीही नाती नव्याने ठरतात.

दोन गोष्टींत मात्र वाट बघू नका. जुन्या मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर पशुवैद्याला फोन करा. मांजर काही दिवस उपाशी राहिलं, विशेषतः लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. आणि ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येते. बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये बसतोय, कण्हतोय आणि शू होत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याच तासाला दवाखाना गाठा.

मनी कपाटावरून उतरल्यावर आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. ठिपक्या तीन आठवडे आतल्या खोलीत राहिला. आज दोघं एकाच पलंगावर झोपतात, मधे हातभर अंतर ठेवून. एकमेकांना चाटणं वगैरे नाही, व्हिडिओ करण्यासारखं तर काहीच नाही. मी घासून काढलेल्या त्या चौकटीवर मनीचा काळपट डाग पुन्हा उमटला. त्याच्या खाली चार बोटांवर ठिपक्याचा वेगळा डाग दिसायचा. ठिपक्या वाढत गेला तसा तो वर सरकत गेला, आणि आता कुठला कुणाचा ते ओळखू येत नाही. त्या चौकटीला मी फडकं लावत नाही.